स्क्रीन शेअर केली की काळा पडदा

प्रश्न : उबुंटू 22.04 वर जुन्या मीटिंग-अ‍ॅपमधून स्क्रीन शेअर केली की समोरच्यांना नुसता काळा पडदा दिसतो. असं का?

उत्तर : पडद्यावर खिडक्या दाखवायची जुनी व्यवस्था म्हणजे एक्स11. तिच्यात कुठलंही अ‍ॅप दुसऱ्याची खिडकी, अगदी टाइप होणारा पासवर्डही, गुपचूप वाचू शकत होतं. तिच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेने, वेलँडने, ते दार बंद केलं. उबुंटू 22.04 मध्ये सहसा हीच चालू असते. आता अ‍ॅपने पोर्टलकडे (तुम्हाला विचारणाऱ्या मधल्या दुव्याकडे) परवानगी मागायची, मग तुम्ही खिडकी निवडायची. जुन्या अ‍ॅपला हे मागणंच ठाऊक नाही, म्हणून काळोख!

तीच मीटिंग फायरफॉक्समधून उघडा. बहुधा काम होतं. नाहीच जमलं तर लॉगआउट करा, नावावर क्लिक करून खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकातून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ (म्हणजे तेच जुनं एक्स11) निवडा आणि लॉगइन करा. मीटिंग संपली की परत वेलँडवर या. रोजच्या वापराला एक्सऑर्ग नको.