पदोन्नती झाली आणि झोप उडाली: एका केंद्रप्रमुख मॅडमची केस

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि दिवाळीच्या आसपास माझ्याकडे समुपदेशनासाठी एक प्रश्न हमखास येतो. "कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांचाच आज साहेब झालोय, कोणी ऐकत नाही, मी या पदाच्या लायकच नाही का?" विचारणारे कधी बँकेतले असतात, कधी नर्सिंगमधले, पण सगळ्यात जास्त जिल्हा परिषदेचे शिक्षक. त्यातलीच एक केस सांगते, मॅडमना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

मॅडम पंचेचाळिशीच्या, नोकरी बावीस वर्षं, बरीचशी त्याच तालुक्यात, आणि पदोन्नतीने केंद्रप्रमुख झालेल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आजूबाजूच्या गावांतल्या दहा-पंधरा शाळांचं मिळून एक केंद्र असतं आणि त्यावर केंद्रप्रमुख. मॅडमच्या वाट्याला तेरा शाळा, बहुतेक दोनशिक्षकी, निम्म्या वाड्या-वस्त्यांवरच्या. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो, आणि फोन वाजला की वाटतं आता काय राहिलं.

पहिल्यांदा त्यांना फिजिशियनकडे पाठवलं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी बघून या म्हटलं. हे मी सगळ्यांनाच सांगते, कारण या वयात धडधड आणि झोपमोड झाली की दरवेळी ऑफिसच जबाबदार असतं असं नाही. थायरॉइड नॉर्मल निघाला, हिमोग्लोबिन बरंच कमी होतं, गोळ्या सुरू झाल्या. जगणं नकोसं होतं का हेही सरळ विचारलं, तसं नव्हतं.

मग म्हटलं, तुमचा मुख्याध्यापकांचा ग्रुप दाखवा. कोणी ऐकत नाही असं जे म्हणतात त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघितला की अर्धी केस तिथेच कळते. सकाळी अकराला वरून आलेला मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड केलेला, "अत्यंत तातडीचे, आज सायं. ५ पर्यंत माहिती सादर करावी". त्याखाली मॅडमचा, "आदरणीय सर्व बंधू-भगिनींनो, कृपया शक्य झाल्यास माहिती द्यावी ही नम्र विनंती" आणि हात जोडलेले तीनदा. चारला परत तेच, सहाला "ज्यांची राहिली असेल त्यांनी प्लीज", आणि रात्री पावणेअकराला "माहिती पाठवली आहे, सर्वांचे मनःपूर्वक आभार".

मी विचारलं, सहाला अर्ध्या शाळांची बाकी होती ना, मग गेली कशी? मॅडम गप्प. मग म्हणाल्या, मीच भरली. मागच्या महिन्याची बघून, दोघांना फोन करून विचारून, आणि एका शाळेचं तर लॉगिन-पासवर्डच माझ्याकडे आहे.

म्हणजे लोक ऐकत नव्हते असं नाही, लोकांना नीट कळलं होतं की आपण नाही दिली तरी मॅडम भरतात! याला मी अपमान म्हणणार नाही, ही सोय आहे, आणि सोय कोणीच आपणहून सोडत नाही.

पण मॅडम का भरत होत्या? पदोन्नतीची ऑर्डर आली त्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं होतं, "बघा आता, खुर्ची मिळाली की हवा लागते". ते वाक्य त्यांच्या डोक्यात रुतून बसलं होतं. हवा लागली नाही हे दाखवण्यासाठी त्या तेरा शाळांची कारकुनी रात्री घरी बसून एकट्या करत होत्या आणि वर स्वतःलाच नालायक ठरवत होत्या.

आम्ही एक कागद घेतला आणि महिनाभरात डोक्यावर असलेलं एकेक काम लिहून त्यापुढे ते मुळात कोणाचं आहे ते लिहिलं. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची सरकारकडे भरायची ऑनलाइन माहिती), मुलांचे आधार, हे मुख्याध्यापकांचं. गळकी छपरं, शिक्षकांच्या रिक्त जागा हे वरच्यांच्या हातातलं, मॅडमनी फक्त गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठपुरावा करायचा. स्वतःच्या नावापुढे उरलं ते असं: शाळाभेट, वर्गात बसणं, केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद, अडलेल्या शिक्षकाला हात देणं. केंद्रप्रमुख हे पद १९९४ च्या सुमारास आलं ते मुळात याचसाठी, आणि नेमकं यालाच त्यांना आठवड्यात जेमतेम दोन सकाळी मिळत होत्या. इथे एक बोलून ठेवते, कामाचा बोजा खरा आहे, एकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार असतो, आणि रिक्त जागा काही समुपदेशनाने भरत नाहीत. म्हणून "मन शांत ठेवा, सकारात्मक राहा" हा सल्ला मी अशांना देत नाही, देणाऱ्यांचा रागच येतो.

ठरलं असं की महिनाभर एकाही शाळेची माहिती स्वतः भरायची नाही. मेसेजही बदलला. "माहिती ५ पर्यंत. अडचण असेल तर ३ च्या आत मला फोन करा. ज्यांची येणार नाही त्या शाळांची नावं तशीच वर कळवते." मॅडमना शेवटी "गैरसमज नसावा" घालायचं होतं, त्यावर आमचा चांगला पाव तास वाद झाला, शेवटी एका "कृपया" वर तडजोड. पहिल्या खेपेला चार शाळा राहिल्या आणि मॅडमनी खरंच चार नावं वर पाठवली. तालुक्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी बसली, त्या रात्री झोप आली नाही ती नाहीच. दुसऱ्या खेपेला दोन राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकच उरली, जिथे रेंजच नाही, तिथले सर आता शेजारच्या शाळेत आदल्या दिवशी आकडे देऊन जातात.

दुसरा गुंता होता एका गुरुजींचा. रिटायरमेंटला दोन वर्षं, घर-शेती गावातच म्हणून स्वतः पदोन्नती नाकारलेली, आणि मॅडम पहिल्या नेमणुकीत यांच्याच हाताखाली शिकलेल्या. मॅडम भेटीला गेल्या की "अगं ये ये, बस, चहा टाकायला सांगतो", मग जुन्या गप्पा, मग शेरेबहीत "शैक्षणिक वातावरण प्रसन्न" आणि निघायचं. तिसरीच्या वर्गात निम्मी मुलं जोडाक्षरापाशी अडखळतात हे मॅडमना व्हरांड्यातूनच ऐकू येत होतं.

सेशनमध्ये सरावासाठी मी गुरुजी झाले. मॅडमनी एवढंच म्हणायचं, "गुरुजी, चहा नंतर, आधी तिसरीत बसते". पहिल्यांदा तोंडातून निघालं, "जमलं तर थोडं बसू का, म्हणजे तुम्हाला चालणार असेल तर". दोघी खूप हसलो. चार-पाच वेळा म्हणून घेतलं तेव्हा कुठे वाक्य नीट बसलं. प्रत्यक्षात गुरुजी म्हणाले, "बस की, तुला कोणी अडवलंय?" बावीस वर्षं नोकरी केलेली बाई ज्या वाक्याला महिने-महिने घाबरली त्याचं उत्तर हे!

पुढचं मात्र सोपं नव्हतं. तासभर मुलांकडून वाचून घेतलं, मग मुलं सुटल्यावर एकट्या गुरुजींना सांगितलं की एकोणीसपैकी अकरा मुलं अडकतायत. गुरुजी भडकले, "आता तू मला शिकवणार?" मॅडम आधी गप्प राहिल्या, हे ठरलेलं होतं, आणि मग म्हणाल्या, "नाही गुरुजी, कसं करायचं ते तुम्हीच ठरवा, पण पुढच्या भेटीला मी याच अकरा जणांचं वाचन घेणार". शेरेबहीतही तेच लिहिलं, मुलांची संख्या आणि पुढच्या भेटीचा महिना. पुढच्या दोन भेटी चहा आला नाही. तिसऱ्या भेटीत गुरुजींनी स्वतः मुलांची यादी पुढे केली, सात जण वाचायला लागलेले. "अगं" अजून चालूच आहे, सगळ्यांसमोर. मॅडमना आता ते खटकत नाही, मला थोडं खटकतं.

एक गोष्ट सुटली नाही. रोज गाडीवर मागे बसून येणारी मैत्रीण, तिचीच शाळा पहिल्या खेपेच्या यादीत होती, ती अजून बोलत नाही. याचं दुःख होणारच आणि ते होऊ द्यावं असं माझं मत. तालुक्यातल्या दुसऱ्या दोन केंद्रप्रमुखांशी ओळख वाढलीय, महिन्याच्या मीटिंगनंतर तिघं एकत्र जेवतात, पण ती मैत्रीण ती मैत्रीण.

झोपेसाठी फार काही केलं नाही. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात, संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून उद्याची काळजी वहीत उतरवायची, आणि जाग आल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत न बसता उठून दुसऱ्या खोलीत काहीतरी कंटाळवाणं वाचायचं (मॅडम जुनी परिपत्रकं वाचायच्या, लगेच झोप यायची म्हणे). आता पहाटेची जाग आठवड्यात एखाद-दुसऱ्या वेळी. पण तुमच्या बाबतीत दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जेवण सुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील तर या असल्या उपायांवर थांबू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

शाळेचं दुसरं सत्र सुरू झालं आणि मॅडमकडे शेजारच्या केंद्राचाही अतिरिक्त कार्यभार आला, आता चोवीस शाळा. परवा फोन आला होता, पुढच्या आठवड्यात येतायत. लायक आहे की नाही हा विषय निघालाच नाही, चोवीस शाळांपैकी कुठल्या शाळांना यंदा कमी वेळ द्यायचा आणि हे त्या शाळांना तोंडावर कसं सांगायचं, त्याची तयारी करायचीय म्हणाल्या.