बाप्तिस्मा झाला, तरी तारणाची खात्री का वाटत नाही?

बाप्तिस्मा झालाय, दर रविवारी उपासनेला जाता, तरी "मेल्यावर माझं काय?" ही धाकधूक जात नाही, म्हणजे तारणाची (पापापासून सुटकेची) खात्री वाटत नाही, असं तुम्ही विचारलंय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहिलंय. तेव्हा घाबरू नका.

खात्री स्वतःच्या भावनेवर टेकवली की ती रोज हलणारच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला तो गुन्हेगार बघा (लूक 23). ना बाप्तिस्मा, ना पुण्याई, खाली उतरून कुणाची भरपाई करायचीही सोय नाही. "माझी आठवण करा" एवढंच म्हणाला, आणि येशूने त्याला "आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं वचन दिलं. आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे विश्वासणाऱ्यांना कळावं, म्हणूनच लिहितोय, असं योहानाचं पहिलं पत्र (1 योहान 5:13) सांगतं.

मग कसंही वागायचं का? मुळीच नाही. त्याच पत्रात बंधुप्रीती ही नव्या जीवनाची खूण सांगितलीय.

कॅथलिक शिकवण अशा ठाम खात्रीऐवजी आशेवर भर देते; घरात कुणी कॅथलिक असेल तर हा फरक जाणवेल. आज योहानाच्या शुभवर्तमानातलं 10:28-29 सावकाश वाचा आणि मनातली शंका पाळकांना मोकळेपणाने सांगा.