राजा होईपर्यंत युवराज करतो तरी काय?

प्रश्न असा आहे: ब्रिटनसारख्या देशात गादीच्या वारसाला खरंखुरं काम असतं, की फिती कापायच्या आणि हात हलवायचा एवढंच? आणि नको वाटलं तर त्याला हे सगळं सोडता येतं का?

सोडण्याबद्दल शेवटी लिहितो. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: काम भरपूर असतं, पण ते कुठे लिहून ठेवलेलं नसतं. राजाने विधेयकाला संमती द्यायची, पंतप्रधान नेमायचा, संसदेचं अधिवेशन सुरू करायचं, हे कायद्याने आणि रूढीने ठरलेलं आहे. वारसाबद्दल ब्रिटिश कायदा मुख्यतः एवढंच सांगतो की वारस कोण. त्याने दिवसभर काय करायचं यावर तो जवळजवळ गप्प आहे. गादीवर बसलेलं माणूस त्याच्या हातात काय देतं आणि दिलं नाही तर तो स्वतः काय उभं करतो, यावर सगळं अवलंबून.

दोन वारस शेजारी ठेवून बघा. व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा बर्टी, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. १८६१ मध्ये राणीचा नवरा अल्बर्ट वारला. त्याला मुलाच्या एका भानगडीचा मनस्ताप झाला होता आणि राणीने त्या मृत्यूचा दोष मुलावरच ठेवला. पुढची कित्येक वर्षं तिने त्याला सरकारी कागदपत्रांच्या जवळ फिरकू दिलं नाही. १८८६ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड रोझबेरी यांनी त्याला आपल्या खात्याचे खलिते पाठवायला सुरुवात केली, तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. मंत्रिमंडळाचे काही कागद त्याच्यासमोर यायला १८९२ उजाडलं. मधल्या काळात तो घोड्यांच्या शर्यती, पत्ते आणि मेजवान्या यांत रमला. कागद दाखवायचे नाहीत आणि वर म्हणायचं की पोराला कारभाराचं गांभीर्य नाही! १९०१ मध्ये तो गादीवर आला तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता.

आता एलिझाबेथ. १९३६ मध्ये काका आठव्या एडवर्डने पदत्याग केला, वडील राजा झाले आणि दहा वर्षांची ही मुलगी अचानक पहिल्या क्रमांकावर आली. तिला राज्यघटनेचा इतिहास शिकवायला ईटन शाळेचे हेन्री मार्टेन नेमले गेले. १९४४ मध्ये वडील इटलीच्या आघाडीवर गेले तेव्हा अठराव्या वर्षी तिने ‘कौन्सेलर ऑफ स्टेट’ म्हणून त्यांच्या वतीने सह्या केल्या. त्यासाठी आदल्या वर्षी कायदा बदलून वारसाची वयाची अट एकवीसवरून अठरावर आणली होती. १९५२ मध्ये आजारी वडिलांच्या बदली राष्ट्रकुलाच्या दौऱ्यावर निघाली असताना, केनियात असतानाच ती राणी झाली. पंचवीस वर्षांची होती, पण कोरी पाटी नव्हती.

राजाच्या बदली जाणं हे वारसाचं सर्वांत जुनं आणि आजही सर्वांत ठोस काम. यात दौरे आले, परदेशातल्या अंत्ययात्रा आल्या आणि साम्राज्य आवरतं घेतानाचे निरोपही आले. १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला, १९९७ मध्ये हाँगकाँग चीनला परत दिलं गेलं, २०२१ मध्ये बार्बाडोसने राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून प्रजासत्ताक स्वीकारलं. तिन्ही वेळा एलिझाबेथचा थोरला मुलगा चार्ल्स, म्हणजे आजचा राजा, तिथे हजर होता. आपल्याच आईचा झेंडा उतरताना बघायला जाणं आणि वर शुभेच्छाही देणं, हे मला फीत कापण्यापेक्षा बरंच अवघड वाटतं. २००५ मध्ये तर पोप दुसरे जॉन पॉल यांच्या अंत्यविधीला राणीच्या वतीने जायचं म्हणून त्याने कॅमिलाशी ठरलेलं स्वतःचं लग्न एक दिवस पुढे ढकललं.

दौरा उलटतोही. १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स (हा ब्रिटिश युवराजाचा किताब), पुढचा आठवा एडवर्ड, मुंबईत उतरला. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता, शहरात दंगल उसळली आणि ती थांबावी म्हणून गांधीजींनी उपोषण केलं. लोकांची मनं जिंकायला म्हणून पाठवलेला माणूस लोकांच्या रागाचंच निमित्त झाला.

घरच्या आघाडीवरचं काम म्हणजे शाळा, इस्पितळं, पलटणी, कारखाने, पूरग्रस्त गावं. निमंत्रणं कितीतरी आधी येतात, प्रत्येक काउंटीत राजाचा प्रतिनिधी असलेला लॉर्ड-लेफ्टनंट स्थानिक आखणी करतो, कोणाला भेटायचं याचं टिपण आधी हातात पडतं. कोण कुठे गेलं याची अधिकृत नोंद ‘कोर्ट सर्क्युलर’मध्ये छापली जाते, म्हणजे हजेरीपटही असतो. चार्ल्सने युवराज असताना कित्येक वर्षी पाचशेहून जास्त कार्यक्रम केले.

फीत कापण्याची टिंगल सोपी आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. वारसाकडे सत्ता नसते. त्याच्याकडे असतं ते कॅमेऱ्यांचं लक्ष, आणि ते कुठे वळवायचं हे तो ठरवू शकतो. नौदल सोडताना मिळालेले ७,४०० पौंड घालून चार्ल्सने १९७६ मध्ये प्रिन्सेस ट्रस्ट, म्हणजे ‘युवराजाचा न्यास’, सुरू केला. शाळेत मागे पडलेल्या, बेकार तरुणांना प्रशिक्षण आणि धंद्यासाठी लहान रकमा द्यायच्या, हे त्याचं काम. आजवर दहा लाखांहून अधिक तरुणांना त्याचा उपयोग झाला. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी दुसरं काही दिलंच नव्हतं, म्हणून त्याने हे शोधलं, असा माझा अंदाज.

पैशाचं म्हणाल तर ब्रिटिश वारसाला पगार नसतो, जहागीर असते. तिसऱ्या एडवर्डने १३३७ मध्ये मुलासाठी डची ऑफ कॉर्नवॉल निर्माण केली. आज तिची सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन आहे, शेतं, घरं, दुकानं असं सगळं धरून. वारस फक्त उत्पन्न खातो. मूळ मालमत्ता विकून पैसा खिशात घालता येत नाही. २०२३-२४ मध्ये चार्ल्सचा थोरला मुलगा आणि आजचा युवराज विल्यम याला यातून सुमारे २ कोटी ३६ लाख पौंड मिळाले. त्यावर आयकर भरला जातो तोही कायद्याच्या सक्तीने नाही, १९९३ पासून चालत आलेल्या स्वेच्छेने. (क्रिकेटवाल्यांसाठी: लंडनच्या ओव्हल मैदानाची जमीनही याच डचीची, आणि सरेच्या चिन्हातली ती तीन पिसं प्रिन्स ऑफ वेल्सची.) मेख अशी की १३३७ ची सनद मुलग्यापुरती आहे. एलिझाबेथ पंधरा वर्षं गादीची पहिली दावेदार होती, पण डची तिला मिळाली नाही.

या सगळ्यात खरी कसोटी लागते ती बोलण्यावर. राजाने राजकीय मत जाहीर करायचं नाही ही रूढी पक्की आहे. वारसाचं काय? इथे धूसर आहे आणि चार्ल्सने या धूसरपणाचा पुरेपूर फायदा घेतला. १९८४ मध्ये वास्तुविशारदांच्याच समारंभात जाऊन त्याने लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयाच्या नियोजित विस्ताराला एका लाडक्या मित्राच्या चेहऱ्यावरचं अक्राळविक्राळ गळू म्हटलं. तो आराखडा पुढे बारगळला. शिवाय तो मंत्र्यांना पत्रं लिहायचा. ती उघड व्हावीत म्हणून गार्डियन वृत्तपत्राने दिलेली लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि मे २०१५ मध्ये २७ पत्रं बाहेर आली. त्यात काय निघालं? लष्कराच्या लिंक्स हेलिकॉप्टरची कामगिरी, गुरांचा क्षयरोग रोखायला बिज्जू (बॅजर) मारावेत की नाही, मासेमारीत मरणारे अल्बट्रॉस पक्षी. भयंकर असं काही नव्हतं. तरीही माझं मत टीकाकारांच्या बाजूला झुकतं. सामान्य नागरिकाचं पत्र खात्यात कुठेतरी पडून राहतं, युवराजाच्या पत्राला मंत्री स्वतः उत्तर देतो. आणि आता तर २०१० च्या दुरुस्तीमुळे राजा, वारस आणि त्याच्यानंतरचा वारस यांचा पत्रव्यवहार माहिती अधिकारातून पूर्णच वगळला आहे.

मे २०२२ मध्ये एक वेगळंच दृश्य दिसलं. राणीला चालणं अवघड झालं होतं, म्हणून संसदेतलं अभिभाषण चार्ल्सने वाचलं. मुकुट शेजारी उशीवर ठेवलेला. राणी वाचायची तिथे ‘माझं सरकार’ असे शब्द असायचे. चार्ल्सने ‘महाराणींचं सरकार’ असं वाचलं. त्र्याहत्तर वर्षांचा वारस, काम राजाचं, सर्वनाम मात्र अजून आईचं. चारेक महिन्यांत तो राजा झाला.

इतर देशांनी ही रिकामी जागा बरीच भरली आहे. नॉर्वेत युवराज हाकोन राजासोबत मंत्रिपरिषदेच्या बैठकांना बसतो आणि राजा आजारी असला की स्वतः अध्यक्षस्थान घेतो. स्पेनच्या घटनेतच लिहिलंय की वारसाने सज्ञान झाल्यावर संसदेसमोर घटनेची शपथ घ्यायची. लिओनोरने ती अठराव्या वाढदिवशी, ३१ ऑक्टोबर २०२३ ला घेतली. भूदल, नौदल आणि हवाई दल असं तिन्ही दलांचं प्रशिक्षणही तिच्या वाट्याला आलं. नेदरलँड्सची अमालिया अठराव्या वर्षी सरकारला सल्ला देणाऱ्या राज्य परिषदेत बसायला लागली. तिला वर्षाला सुमारे १६ लाख युरोंचा भत्ता कायद्याने लागू होत होता, पण शिकत असेपर्यंत तो नको, असं तिने पंतप्रधानांना आधीच कळवलं. लिकटेन्स्टाइनमध्ये तर २००४ पासून वारस आलोइसच कारभार बघतो, वडील नावापुरते राजे. सौदीचा युवराज थेट पंतप्रधान आहे. ते प्रकरण या उत्तराच्या बाहेरचं.

आता सोडण्याचं. ब्रिटनमध्ये वारसाला राजीनामा देण्याची सोयच नाही. कामं बंद करता येतात, विल्यमचा भाऊ हॅरी याने २०२० मध्ये तेच केलं, पण वारसाक्रमातली त्याची जागा कायम आहे. ती कायद्याने ठरते, म्हणून बाहेर पडायलाही संसदेचा कायदा लागेल आणि जिथे हाच राजा राष्ट्रप्रमुख आहे त्या बाकीच्या १४ देशांशीही बोलावं लागेल. एक पळवाट आहे: रोमन कॅथलिक व्हायचं. कॅथलिक माणसाला ब्रिटनच्या गादीवर बसता येत नाही, ही बंदी अजून उठलेली नाही. कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्यावरची बंदी मात्र २०१५ मध्ये उठली. त्याच सुधारणेने मुलगा आधी हा नियमही गेला, म्हणून शार्लट ही धाकट्या लुईच्या पुढे आहे. लग्नाला राजाची परवानगी आता फक्त पहिल्या सहा जणांना लागते: आज त्यात विल्यम, त्याची तीन मुलं, हॅरी आणि हॅरीचा मुलगा येतात. परवानगीशिवाय लग्न केलं तर ते लग्न वैध राहतं, क्रमांक जातो.