जर्मनीच्या झूमध्ये स्टडबुकचं काम : पुण्याच्या एका मुलीला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, पुण्याजवळच्या एका झूमध्ये ३ वर्षं कंत्राटी बायोलॉजिस्ट आहेस, नवऱ्याला म्युनिकमध्ये आयटीतली नोकरी लागतेय आणि तुला तिथे ‘ब्रीडिंग प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर’ व्हायचंय. तर कोर्स कुठला, पगार किती, जर्मन लागेल का? माझ्या पुतणीच्या वयाची आहेस म्हणून सरळ ‘तू’ म्हणतेय, राग मानू नकोस.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. अशी नोकरी नसते. गेली १४ वर्षं मी इथे आहे, त्यातली ५ वर्षं एका आशियाई पक्ष्याचं स्टडबुक, म्हणजे झूंमधल्या त्या जातीच्या प्रत्येक पक्ष्याची वंशावळ, सांभाळते (जातीचं नाव सांगत नाही, सांगितलं की मी कोण ते लगेच कळेल). पण माझ्या पगारपत्रकावर मी सहायक क्युरेटर, म्हणजे झूतल्या एका प्राणिविभागाची देखरेख करणारी. पगार झू देते. कोऑर्डिनेटरचं काम त्याच पगारात, उरलेल्या वेळात, आणि उरलेला वेळ म्हणजे बहुतेकदा रविवार.

रचना समजून घे. युरोपातल्या झूंची संघटना ईएझेडए, तिचं ऑफिस ॲमस्टरडॅमला. १९८५ पासून युरोपात जातवार प्रजनन कार्यक्रम चालतात, त्यांना सगळे ‘ईईपी’ म्हणतात. मांजरकुळ, गेंडे, धनेश अशा एकेका गटाची तज्ज्ञ समिती असते. कोणत्या जातीला कार्यक्रम हवा हे ती ठरवते आणि मग सदस्य झूंमधल्याच कुणाकडे तरी ती जात सोपवली जाते. तुझ्या डायरेक्टरने ‘हिला वेळ देतो’ असं कबूल करावं लागतं. म्हणजे आधी झूच्या आत असायला हवं. आणि कोणती जात वाट्याला येईल हे पुष्कळदा तू कुठे नोकरीला आहेस त्यावर ठरतं. आपल्या एकशिंगी गेंड्याचं आंतरराष्ट्रीय स्टडबुक काझीरंग्यात नाही, स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये आहे, कारण युरोपातलं त्या गेंड्याचं पहिलं पिल्लू, रुद्र, १९५६ मध्ये तिथे जन्मलं आणि ती माणसं तेव्हापासून त्या प्राण्याच्या मागेच लागली. लाल पांडाचं रॉटरडॅमला.

आता काम. माझी आई कोल्हापुरात सगळ्यांना सांगते, ‘आमची मुलगी पाखरांची लग्नं जमवते.’ जमवते, पण निम्मं काम लग्नं मोडायचं असतं. माझ्याकडे युरोपभर मिळून शंभराच्या आत पक्षी. प्रत्येकाचं जिवंत असलेल्या बाकी सगळ्यांशी सरासरी नातं किती, हा आकडा सॉफ्टवेअर काढून देतं. ज्याचा आकडा कमी, त्याला नातेवाईक कमी, म्हणून तो मोलाचा. उद्दिष्ट बहुतेक कार्यक्रमांत एकच सांगितलं जातं, १०० वर्षांनंतरही मूळची ९० टक्के जनुकीय विविधता टिकवायची. गंमत अशी की सगळ्यात मोलाचा पक्षी हा नेहमी कुठल्यातरी झूमधला म्हातारा, चिडका, आजवर एकही पिल्लू न दिलेला नर असतो. आणि ज्या जोडीला दरवर्षी पिल्लं होतात, जिच्या पिल्लांचे फोटो त्या झूच्या तिकिटांवर छापलेत, त्यांना ‘यंदा अंडी काढून घ्या’ असं पत्र मला लिहावं लागतं. प्राणी झू-झूंमध्ये पैशाने विकले जात नाहीत, त्यामुळे माझ्या हातात ना पैसा, ना अधिकार. फक्त फोन. समोरची क्युरेटर म्हणते, आमच्या कीपरचा त्या पक्ष्यावर फार जीव आहे. खरंच असतो. तिला तासभर ऐकून घेणं हे माझं काम.

आणि नोंदी. नोंदी म्हणजे सगळं. १९८० च्या दशकात अमेरिकन झूंमध्ये आशियाई सिंहांचा कार्यक्रम होता. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत निघालं की ५ मूळ सिंहांपैकी २ शुद्ध गीरचे नव्हतेच, त्यांच्यात आफ्रिकन रक्त होतं. त्यांची पिल्लावळ सगळीकडे पसरली होती, कार्यक्रम गुंडाळावा लागला. युरोपने मग १९९० च्या दशकात जुनागढच्या सक्करबाग झूमधून सिंह आणून नव्याने सुरुवात केली. हे मी नव्या मुलांना ऐटीत सांगायचे, माझ्याच हातून घोळ होईपर्यंत. पायातली रिंग झिजलेली, आकडा ३ की ८ कळेना. फोटो मोठा करून पाहिला आणि ८ लिहिलं. ३ होता. २ हंगाम सख्खे भाऊबहीण एका जाळीत होते, पिसाची डीएनए तपासणी केली तेव्हा उघड झालं. अंडी फुटली नाहीत ही नशिबाची गोष्ट. आता शंका आली की मी ‘अनिश्चित’ लिहिते आणि कुणी कितीही वैतागलं तरी बदलत नाही.

इथे येण्याआधी एका गोष्टीचा विचार कर, कारण तुझ्या मेलमध्ये तिचा शब्दही नाही. जास्तीचे प्राणी. २०१४ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनच्या झूने मारियस नावाचं तरुण, धडधाकट जिराफ मारलं, कारण त्याच्या घराण्याची जनुकं कार्यक्रमात आधीच भरपूर होती. शवविच्छेदन लोकांसमोर, मांस सिंहांना. जर्मनीत कायदा ‘वाजवी कारण’ मागतो; मागडेबुर्ग झूमधल्या लोकांना वाघाचे ३ बछडे मारल्याबद्दल २०१० मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. तरी २०२५ च्या जुलैत न्युरेम्बर्गच्या झूने जागा पुरत नाही म्हणून १२ बबून माकडं मारलीच. आपल्याकडे झूच्या नियमांत असह्य वेदनेत असलेल्या प्राण्यालाच मरण द्यायची मुभा आहे, आणि आपण त्याच हवेत वाढलोय. माझं मत विचारशील तर, जिराफाला मारणं आणि आयुष्यभर एकट्याने मागच्या खोलीत कोंडणं यात मला पहिलं कमी क्रूर वाटतं. पण बबूनांच्या वेळी मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. मीटिंगमध्ये हे बोलावं लागतं, तेही जर्मनमध्ये, चेहरा न पाडता.

तर जर्मन. लागेलच. ईईपीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, पण तुझ्या शेजारी खत भरणारा कीपर तुझ्याशी इंग्रजीत बोलणार नाही आणि का बोलावं त्याने? बी-२ पातळीपर्यंत पुण्यातच ये. ए-१ या पहिल्याच पातळीवर थांबून ‘तिकडे गेल्यावर शिकेन’ म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्यात, पोरांच्या शाळेच्या चकरांत ५ वर्षं जातात.

तुझी खरी ताकद नवऱ्याचा व्हिसा आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना, मिळालं तर जोडीदाराला कुठलीही नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. एकटी झूमधल्या नोकरीच्या जोरावर यायला निघालीस तर दमशील. मीही नवऱ्याच्या मागेच आले. मग इथे प्राणिपालनाचं ‘आउसबिल्डुंग’ केलं, म्हणजे ३ वर्षं निम्मी शाळा, निम्मं काम, थोडं विद्यावेतन. एम.एस्सी. असून तिशीत १८ वर्षांच्या पोरांबरोबर शेण उचललं. करावंच असं नाही, डिग्रीवर थेट क्युरेटर होणारेही आहेत, पण त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्जांचा ढीग. मधला रस्ता म्हणजे रजिस्ट्रार, झूच्या नोंदी ठेवणारी. ती नोकरी कुणाला फारशी नको असते, तू मागून घे. स्टडबुककडे जाणारं दार तिथूनच उघडतं.

पगाराचं म्हणशील तर शहराच्या मालकीच्या बऱ्याच झूंमध्ये सरकारी वेतनश्रेणी लागू असते, तिचे तक्ते इंटरनेटवर उघडे आहेत. म्युनिकचं भाडं बघून मग ते तक्ते बघ. दोघांच्या पगारात जमेल, एकटीच्या नाही.

पुण्यात आहेस तोवर तीन-चार कामं उरक. तुमच्या झूमध्ये झिम्स (प्राण्यांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) असेल तर लॉगिन माग, नसेल तर एक्सेलमध्ये का होईना एका जातीची वंशावळ स्वतः लाव. पहिल्याच आठवड्यात कळेल की कुणाचा बाप कोण हे कुणालाच नक्की माहीत नाही. डेहराडूनची वन्यजीव संस्था भारतीय झूंची स्टडबुकं तयार करते, ती वाचून काढ. कोइमतूरच्या झू आउटरीचवाल्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेव. आणि एकदा हरियाणात पिंजोरला जाऊन गिधाडांचं प्रजनन केंद्र बघ. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याबरोबर काम करणाऱ्या लोकांचा धीर पाहिलास की इथली मीटिंग किरकोळ वाटेल. खरं सांगायचं तर ते पाहून तुझा यायचा बेत बदलला तर मला नवल वाटणार नाही.

आणि निघण्याआधी झूमधून अनुभवाचं पत्र घे. कंत्राटी आहेस म्हणून ‘नंतर देतो’ म्हणतील, ऐकू नकोस. लेटरहेडवर, शिक्क्यानिशी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि नेमकं काय काम केलंस ते लिहून. माझं ‘नंतर’ ४ वर्षं चाललं, शेवटी वडिलांना ३ वेळा ऑफिसात जाऊन बसावं लागलं.