थायरॉईडची गोळी आणि सकाळचा चहा

प्रिय बाय,

तुझा रिपोर्ट पाहिला. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) १४, म्हणजे जास्त; फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) कमी; अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी कमी पडणाऱ्या थायरॉईड हार्मोनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली आहे, तेव्हा डोसबद्दल मी बोलणार नाही. गोळी घ्यायची कशी ते मात्र सांगतो. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मी एक पाहिलं आहे : गोळी बहुतेक जण घेतात, नीट घेणारे थोडेच.

आधी तुझा प्रश्न. ‘रोज बांगडा खाणाऱ्या माणसाला थायरॉईड कसा?’ देवगडात हे मला अनेकांनी विचारलंय. माशांतून आयोडीन मिळतं खरं, पण ते कमी पडून होणारा गलगंड वेगळा. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे तुझा त्रास बहुधा हाशिमोटोचा. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली त्याचं वर्णन केलं, तेही समुद्री शेवाळ आवडीने खाणाऱ्या देशात! यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. माशांनी तो आणला नाही नि मासे तो घालवणारही नाहीत. कुणी शेवाळाच्या कॅप्सूल सुचवल्या तर घेऊ नकोस, जास्तीच्या आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते. मीठ नेहमीचंच आयोडीनवालं. थायरॉईडला कोबी चालत नाही असं कुणी म्हणेल, पण शिजवलेला बिनधास्त खा.

टीएसएच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतं. थायरॉईड सुस्तावला की ती मोठ्याने हाका मारू लागते, म्हणून काम कमी तर आकडा जास्त.

आता चहा. आपल्याकडे डोळे उघडण्याआधी चहा लागतो हे मला माहीत आहे. पण ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. ‘काका, चहा उकळेपर्यंत थांबले तर चालेल ना?’ नाही चालणार. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ देत. सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घे, पण रोज तीच वेळ. एकादशीलासुद्धा चुकवू नकोस, निर्जळी करत असलीस तरी गोळीपुरतं पाणी पी. देव रागावणार नाही, टीएसएच रागावेल.

एखाद दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घे, घाबरू नकोस. औषध रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. याच कारणाने फरकही सावकाश दिसतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत कर. पंधरा दिवसांत लॅबकडे धावणं म्हणजे पैसे फुकट. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांग. त्या कधीकधी आकडे चुकीचे दाखवतात, आणि रिपोर्ट छान आला म्हणून आपण खूश.

पावसाळ्यात बाटली चुलीवरच्या फळीवर किंवा न्हाणीघरात नको. या गोळीला दमटपणा, ऊन, उष्णता काहीच सोसत नाही. झाकण घट्ट लाव, आतली सुकी पुडी टाकू नकोस. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेव. दुकानदाराने दुसरी दिली तर डॉक्टरांना कळव.

वजनाचं स्पष्टच सांगतो. थायरॉईडने वाढलेलं वजन सहसा चार-पाच किलोच असतं, त्यातलं बरंचसं पाणी. बाकीचं आपलं. बारीक होण्यासाठी स्वतःहून डोस वाढवशील तर छाती धडधडेल, पुढे हाडंही झिजतील.

लग्नाची बोलणी चालली आहेत असं आईकडून कळलं. मुलाकडे हे आधीच सांगावं असं माझं मत, यात लपवण्यासारखं काही नाही. मूल हवं असेल तेव्हा टीएसएच आधी ताब्यात आण. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जा. त्या काळात गोळीची गरज पाव ते निम्म्याने वाढते, आणि सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. ‘पोटुशीने औषधं घेऊ नयेत’ असं कुणी म्हटलं तरी ही गोळी थांबवायची नाही. पुढचा रिपोर्ट आला की फोटो पाठव.

तुझे,
मेडिकलवाले काका