स्कॉटलंडच्या डोंगरांच्या नावांत 'बेन', 'स्गूर', 'कार्न' हे शब्द सारखे का येतात? त्यांचा अर्थ काय?

ही नावं बहुतेक गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली आहेत, आणि त्या भाषेत डोंगराचा आकार बदलला की शब्दही बदलतो, म्हणून. 'बेन' हा मोठ्या डोंगरासाठीचा सर्वसाधारण शब्द. 'स्गूर' म्हणजे खडकाळ, टोकदार सुळका. स्काय बेटावर तो पावलोपावली भेटतो. 'कार्न' म्हणजे दगडांची रास, 'म्यौल' म्हणजे बोडका, गोलसर उंचवटा. चढ कसा असेल याचा अंदाज नावावरूनच येतो. मला तर तिथला नकाशा नुसता वाचत बसायलाही आवडतं.

ही नावं गिर्यारोहकांनी दिलेली नाहीत, हे लक्षात घेतलं की बरंच उलगडतं. ती दिली खाली दरीत राहणाऱ्या, उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांत नेणाऱ्या लोकांनी. बेन नेविस या ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगराच्या शेजारी ऊनख मोर आणि ऊनख बेग असे दोन डोंगर आहेत. 'मोर' म्हणजे मोठा, 'बेग' म्हणजे लहान. उंची पाहिली तर मोर 1221 मीटर आणि बेग 1234 मीटर! नकाशा चुकलेला नाही. खालून बघणाऱ्याला मीटर दिसत नव्हते, पसारा दिसत होता, आणि पसाऱ्याने ऊनख मोरच मोठा आहे.

गुरांचा संबंध तर नावानावांत आहे. बेन लुई म्हणजे वासराचा डोंगर, स्टोब गावर म्हणजे शेळीचा सुळका. ग्लेन एटिव या दरीच्या वरच्या टोकाशी उभा असलेला 'बुअखल एटिव मोर' म्हणजे एटिवचा मोठा गुराखी. धाकटा गुराखी 'बेग' त्याच्या शेजारीच आहे. 'बुअखल'मधला 'बो' म्हणजे गाय, आणि हा 'बो' व संस्कृतातला 'गो' एकाच मुळापासून आलेत. मला या सगळ्यांत हेच नाव सर्वांत आवडतं.

रंगांच्या बाबतीत मात्र जपून. 'गोर्म' म्हणजे निळा, पण गवताच्या हिरव्यालाही गेलिकमध्ये गोर्मच म्हणतात. केर्नगोर्म हे मुळात एकाच डोंगराचं नाव. ते इंग्रजीत सगळ्या रांगेला चिकटलं. रांगेचं गेलिक नाव 'मोनग रुअग', म्हणजे तांबडे डोंगर. तिथला ग्रॅनाइट गुलाबी-तांबूस आहे. स्पे नदीपलीकडची रांग 'मोनग लीअ', म्हणजे करडे डोंगर. दोन्ही नावं एकमेकांसमोर ठेवली की खरी शोभतात, आणि इंग्रजी नावामुळे ती जोडीच मोडली याचं मला वाईट वाटतं.

शरीराचे अवयवही नावांत बिनदिक्कत येतात. 'स्गूर ना कीख' म्हणजे स्तनाचा सुळका. केर्नगोर्ममधल्या डेव्हिल्स पॉइंटचं गेलिक नाव 'सैतानाचं लिंग' असं आहे. इंग्रजीत ते सोवळं झालं.

बेन नेविसच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि प्रत्येक नाव गेलिकही नसतं: सुइलवेनमधला 'सुला' (खांब) हा नॉर्स लोकांचा, म्हणजे व्हायकिंगांचा शब्द.

स्वतः अर्थ लावताना एक गोष्ट सांभाळा. 'बेन' स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे त्यापुढच्या विशेषणातला ब किंवा म बदलून व होतो. पिटलॉख्रीजवळचा बेन व्रॅकी घ्या. कोशात 'व्रेख्क' शोधलंत तर सापडणार नाही, 'ब्रेख्क' शोधा. अर्थ मिळेल: कबरा.