वाचकांचे प्रश्न : सॅन मारिनो वेगळे कसे राहिले?

प्रश्न : सॅन मारिनो हा चिमुकला देश चारही बाजूंनी इटलीने वेढलेला आहे. इटलीच्या एकीकरणात एवढी राज्ये विलीन झाली, मग हा देश स्वतंत्र कसा राहिला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : व्हॅटिकन, मोनॅको, नाउरू आणि तुवालू यांच्या खालोखाल लहान असलेला हा देश अवघ्या ६१ चौरस किलोमीटरचा आहे. टिटानो डोंगराच्या उभ्या कड्यावरची राजधानी जिंकणे अवघड होते आणि जिंकूनही फारसे काही हाती लागणार नव्हते, हे खरेच. परंतु त्याहून मोठे कारण, माझ्या मते, तेथील लोकांचा संयम हे आहे. १७९७ मध्ये इटलीच्या मोहिमेवर असलेल्या नेपोलियनने या प्रजासत्ताकाला मुलूख वाढवून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा तेथील राजकीय नेते अंतोनिओ ओनोफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची मैत्री स्वीकारली, पण जमीन नम्रपणे नाकारली. ती घेतली असती, तर नेपोलियनच्या पाडावानंतर ती परत मागणारे शेजारी दारात उभे राहिले असते. प्रत्यक्षात १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने युरोपचा नकाशा नव्याने आखला, तरी सॅन मारिनो होते तसेच राहिले.

एकीकरणाशी थेट संबंध असलेली घटना १८४९ मधील आहे. रोममध्ये त्याच वर्षी स्थापन झालेले अल्पायुषी प्रजासत्ताक कोसळल्यावर ऑस्ट्रियाचे सैन्य त्याच्या बचावासाठी लढलेला इटालियन क्रांतिकारक गॅरिबाल्डी याचा पाठलाग करत होते. आजारी, गरोदर पत्नी आनिता आणि थकलेले सैनिक यांच्यासह तो येथे आला आणि या दुबळ्या देशाने मोठा धोका पत्करून त्याला आसरा दिला. हाच गॅरिबाल्डी पुढे एकीकरणाचा नायक ठरला. या उपकाराची जाण इटलीने ठेवली, असे मानले जाते. १८६२ मध्ये दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला.

आसरा देण्याची ही रीत दुसऱ्या महायुद्धातही टिकली. देश तटस्थ असूनही जून १९४४ मध्ये त्याच्यावर बॉम्ब पडले, आणि तरीही सुमारे पंधरा हजार वस्तीच्या या देशाने जवळपास एक लाख निर्वासितांना सामावून घेतले. त्यांपैकी कित्येकांनी इटलीतील रिमिनी शहराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या बोगद्यांत दिवस काढले. या देशाविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो यासाठी.

प्रश्न : तेथे एकाच वेळी दोन राष्ट्रप्रमुख असतात, हे खरे आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय. ‘कॅप्टन रीजंट’ म्हणून ओळखले जाणारे दोन राष्ट्रप्रमुख साठ सदस्यांचे विधिमंडळ निवडते. ते १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला सूत्रे हाती घेतात व सहाच महिने पदावर राहतात. त्यानंतर तीन वर्षे त्यांची पुन्हा निवड होऊ शकत नाही. १२४३ पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत दोघांचे अधिकार समान असतात आणि एकाच्या निर्णयाला दुसरा हरकत घेऊ शकतो. मुदत संपल्यावर त्यांच्या कारभाराविषयी कोणताही नागरिक तक्रार दाखल करू शकतो, आणि तिची रीतसर चौकशी होते.